पत्र्याखालचा उन्हाळा

मे महिन्यात, भर दुपारी, पत्र्याच्या घरात कधी बसला आहात का? ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. पंखा लावला की गरम हवाच अंगावर येते, आणि माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं. अहमदाबादच्या चाळींत आणि झोपडवस्त्यांत हजारो बायका अशा घरात दिवसभर बसून काम करतात. कोणी उदबत्त्या वळतं, कोणी पतंग चिकटवतं, कोणी शिलाई मारतं. त्यांचं घर हाच त्यांचा कारखाना. मजुरी नगावर मिळते, त्यामुळे उकाड्याने हात मंदावला की पैसेही कमी होतात. शहराचा उन्हाळा वाढतो म्हणजे काय, हे या घरांतून पाहिलं की नीट कळतं.

मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६ अंशांच्या पुढे गेला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे तेराशे मृत्यू जास्त झाले, असं नंतरच्या अभ्यासात आढळलं. त्यातून धडा घेऊन शहराने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार केला. दक्षिण आशियातला तो पहिला. आपल्या नागपूरनेही २०१६ मध्ये तोच मार्ग धरला. आधी इशारा द्यायचा, दवाखाने सज्ज ठेवायचे, पाणपोया उघडायच्या, असं त्याचं साधारण स्वरूप.

पण इशारा मिळाल्यावर माणूस जाणार कुठे? घरात. आणि घरच तापलेलं असेल तर? त्याच शहरातल्या शारदाबेन रुग्णालयाचं उदाहरण पाहा. तिथला प्रसूती विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणल्यानंतर उष्णतेमुळे अतिदक्षता विभागात दाखल कराव्या लागणाऱ्या नवजात बालकांचं प्रमाण जवळपास दोन-तृतीयांशाने घटलं. औषध तेच, डॉक्टर तेच. फक्त डोक्यावरचं छप्पर दूर गेलं.

झोपडीला खालचा मजला नसतो. तिथे छपराचाच इलाज करायला हवा, आणि तो फार अवघड नाही. पत्रा ऊन शोषतो आणि तीच उष्णता खाली फेकतो. त्यावर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग दिला, तर बरंचसं ऊन आल्या वाटेने परत जातं आणि आतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकतं. २०१७ मध्ये शहराने सुमारे तीन हजार छपरं अशी पांढरी करण्याचं ठरवलं.

मग एवढा स्वस्त उपाय लोक आपणहून का करत नाहीत? इथे मुद्दा हवामानाचा राहत नाही, जमिनीचा होतो. ज्या घरावर उद्या बुलडोझर फिरेल अशी धास्ती आहे, त्याच्या छपरावर पैसे कोण घालील? कुणीही शहाणा माणूस ते पैसे गाठीलाच बांधून ठेवील.

अहमदाबादला याचं उत्तर एकदा सापडलं होतं. १९९५ मध्ये महापालिकेने ‘परिवर्तन’ नावाची योजना सुरू केली. घरोघरी नळ आणि संडास, गल्लीत गटार, फरसबंदी आणि दिवे. प्रत्येक कुटुंबाने दोन हजार रुपये भरायचे, वर देखभालीसाठी शंभर. पण खरी किंमत होती ती महापालिकेच्या हमीची : दहा वर्षं ही वस्ती उठवणार नाही. माणूस दहा वर्षांचा विचार करू लागला की घराच्या भिंती पक्क्या होतात. अर्थात दहा वर्षांची हमी म्हणजे मालकी नव्हे, हेही खरं. अकराव्या वर्षी काय, हा प्रश्न उरतोच.

आणि याच शहरात २००५ पासून साबरमतीच्या काठाचं काम सुरू झालं, तेव्हा दहा हजारांहून जास्त कुटुंबांना नदीकाठ सोडावा लागला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पुढे घरं मिळाली, पण अनेकांना कामापासून फार लांब. पतंगाचा कागद आणायला आणि तयार माल पोचवायला रिक्षाचं भाडं पडायला लागलं, तर उरलं काय?

वस्तीचा उकाडा वस्तीतल्याच बायकांनी कमी करावा, हे काम तिथे ‘सेवा’ संघटनेतून उभ्या राहिलेल्या महिला हाउसिंग ट्रस्टने हाती घेतलं. त्यांनी बायकांना घरोघरी जाऊन विजेचा हिशेब तपासायला शिकवलं. बिल कसं वाचायचं, कोणता पंखा किती वीज खातो, छपराला काय करता येईल, हे शेजारीण सांगते तेव्हा ऐकलं जातं. बाहेरून आलेला साहेब सांगेल तर मान डोलावून दार लावलं जातं!

याच ट्रस्टची बांधकामावरच्या बायकांसाठी ‘कर्मिका’ नावाची शाळा आहे. आपल्याकडे बांधकामावर बाईने घमेली वाहायची आणि थापी-ओळंबा पुरुषाने धरायचा, अशी जणू वाटणीच आहे. वाहणारीची मजुरी कमी, ते ओघानेच आलं. या शाळेत बायका गवंडीकाम, रंगकाम, नळकाम शिकतात. हे शिक्षण मला छपराच्या चुन्याइतकंच मोलाचं वाटतं, कारण काम वस्तीतलं, हात वस्तीतले आणि मजुरीही वस्तीतच राहते. पुढे या ट्रस्टने जयपूर, भोपाळ, रांची, इतकंच काय, ढाका आणि काठमांडूपर्यंत अशा बायकांचे गट उभे केले.

आता एक व्यवहाराची गोष्ट. चुना एकदा मारून भागत नाही. पावसात तो धुपतो, उरलेल्यावर धूळ बसते, आणि मळलेलं पांढरं छप्पर फारसं ऊन परतवत नाही. म्हणजे दरवर्षी होळीच्या सुमारास पुन्हा शिडी लावायची, पत्रा झाडायचा आणि कुंचला फिरवायचा. तेव्हा घर जागेवर हवं, आणि शिडी धरायला शेजारीणही.