मुलांसाठी ‘एज्युकेशनल’ व्हिडिओ गेम घेताय? आधी शिक्का बघा, आवाज ऐका, पक्कं बिल घ्या

उल्हासनगर : लग्नाचा बस्ता असो की दिवाळीची खरेदी, अंबरनाथ, मुरबाड, शहापूरकडच्या गावांतली माणसं उल्हासनगरला येतातच. कॅम्प नं. ३ मध्ये मोठ्यांची खरेदी उरकली की पोरं खेळण्यांच्या दुकानापुढे अडून बसतात. खोक्यावर ‘एज्युकेशनल’ लिहिलेलं असतं, शाळेत उपयोगी पडेल म्हणून आईबाप पैसे काढतात. पुढच्या आठवड्यात वस्तू माळ्यावर! दुकानातच दहा मिनिटं तपासणी केली तर हे टळतं.

बाजारात मिळतं काय?

पहिला प्रकार म्हणजे खेळण्यातला लॅपटॉप किंवा बोलणारं पुस्तक. बटण दाबलं की अक्षर, अंक, प्राण्याचं नाव ऐकू येतं. बालवाडी-अंगणवाडीच्या वयाला हा प्रकार पुरेसा आहे.

दुसरा, टीव्हीला जोडायचा गेम. यातले स्वस्त संच बहुतेक १९८३ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने आणलेल्या ‘फॅमिकॉम’च्या नकला असतात. ‘९९९९९९ इन १’ असं छापलेलं असलं तरी तेच ते मोजके खेळ नाव बदलून पुन्हा पुन्हा येतात. त्यात पळणं, उड्या आणि गोळीबारच जास्त. अभ्यासाचे खेळ आहेत असं दुकानदार म्हणाला तर लावून दाखवायला सांगा.

आणखी एक अडचण. अशा संचाला बऱ्याचदा लाल-पिवळी-पांढरी पिन असते, आणि नव्या टीव्हीला ती जागा असेलच असं नाही. घरून निघतानाच टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाईलवर काढून ठेवा.

मराठी येतं का?

बरीच खेळणी इंग्रजी नाहीतर हिंदी बोलतात. झेडपीच्या शाळेत पहिलीला जाणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग थोडाच. खेळणं मराठी आहे की नाही हे ओळखायला ‘ळ’ शोधा. हिंदी वर्णमालेत ‘ळ’ नसतो. मग शाळा, फळा, बाळ हे शब्द मूल त्यावर शिकणार कसं? अंकही ऐका. पंचवीसऐवजी ‘पच्चीस’ आलं की समजायचं, माल हिंदीतला आहे. ‘ल’ आणि ‘श’ची वळणंही पाठ्यपुस्तकाशी जुळवून बघा.

शिक्का कुठला?

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. सेलवर चालणारा खेळण्यातला लॅपटॉपही त्यात येतो. शिक्क्याजवळ ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना नंबर असतो. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचा नियम वेगळा. त्याला बीआयएसची नोंदणी लागते आणि त्यावर ‘आर’ने सुरू होणारा नंबर असतो. दोन्ही नंबर ‘बीआयएस केअर’ या मोफत अ‍ॅपवर टाकून बघता येतात. नुसता शिक्का छापणं सोपं आहे, म्हणून नंबर तपासाच.

सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का, हेही बघा. गोल चपटा बटण सेल लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तसा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

किती वेळ खेळू द्यावं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. आजी-आजोबा, आई-वडील शेजारी बसून ‘हे काय? ते कसलं?’ असं विचारत राहिले तर मूल बोलतं. एकटं सोडलं तर नुसती बटणं दाबत बसतं.

बिघडलं तर?

पक्कं बिल मागून घ्या. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणंही त्यातच मोडतं. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवता येते.

आणि खिशात पैसे नसतील तर मन खट्टू करू नका. बालभारतीच्या पुस्तकांतला क्यूआर कोड सरकारच्या ‘दीक्षा’ अ‍ॅपने स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य मोबाईलवर फुकट मिळतं. घरातल्या एका मोबाईलवर रोज अर्धा तास, कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसून, एवढ्यावरही सुरुवात होते.