९३ लाखांतले सत्तर डोळे

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ज्यात येतात त्या मुंबई उपनगर जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत ९३ लाख ५७ हजार माणसं मोजली गेली. आता मायक्रोस्पोरिडिया या सूक्ष्म परजीवींचे तेवढेच बीजाणू शेजारी शेजारी मांडून बघा. एक बीजाणू साधारण २ मायक्रॉनचा धरला, तर सगळ्यांना मिळून ३७ चौरस मिलिमीटर जागा पुरते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, १००हून अधिक चौरस मिलिमीटरचा असतो. अख्खा जिल्हा एका डोळ्यावर मावतो आणि निम्म्याहून जास्त जागा रिकामीच राहते!

हे बीजाणू पावसाळ्यात गढूळ पाण्यातून, चिखलातून डोळ्यात जातात. बुबुळावर बारीक ठिपके येतात, डोळा खुपतो, पण बहुतेकांचा बरा होतो. खरी भीती अकँथमिबा या अमिबाची. तो मातीत, धुळीत, नळाच्या पाण्यात, गच्चीवरच्या टाकीतही असू शकतो. संकट आलं की दुहेरी भिंतीचं कवच करून आत बसतो. कवचासकट आकार १० ते २५ मायक्रॉन, आणि या अवस्थेत तो २० वर्षांहून अधिक काळ तग धरल्याची नोंद आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याचं काही बिघडवू शकत नाही.

असे रुग्ण किती असतील? मदुराईत १९९४च्या पहिल्या तीन महिन्यांत बुबुळावर जखम झालेले ४३४ रुग्ण तपासले गेले. २९७ जणांच्या नमुन्यांत जंतू वाढले: १४० बॅक्टेरियाचे, १३९ बुरशीचे, १५ मिश्र आणि अमिबाचे फक्त ३. त्याच जिल्ह्यात अशा जखमांचं प्रमाण वर्षाला लाखामागे ११३ निघालं होतं. हेच आकडे उपनगरांना लावले तर वर्षाला साडेदहा हजार जखमी डोळे, आणि त्यांत अमिबाचे सत्तरेक. हा ढोबळ हिशेब आहे. तिथे शेतातल्या इजा जास्त, इथे कॉन्टॅक्ट लेन्स जास्त. पण साडेदहा हजारांतून ते सत्तर वेगळे काढायचे कसे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

कारण सुरुवातीला अमिबाचा हा आजार हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या आजारासारखा दिसतो. त्यावर स्टेरॉइडचे थेंब पडले तर अमिबाचं फावतं. खात्री होते ती स्क्रेपिंगनं. डोळा बधिर करून डॉक्टर जखमेच्या कडेचा किंचित भाग ब्लेडनं खरवडतात. काचपट्टीवर रंगद्रव्य घातलं की कवचं चमकतात. उरलेला नमुना ई. कोलाय जिवाणू पसरलेल्या आगरच्या जेलीवर ठेवतात. अमिबा असेल तर जिवाणू फस्त करत पुढे सरकतो आणि त्याची वाट सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. काचपट्टी त्याच दिवशी बोलते, आगरसाठी आठवडाभरही थांबावं लागतं.

निदान झालं की पहिले दोन दिवस दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. दोन औषधं असली तर ४८ तासांत ९६ थेंब. त्यांतल्या पीएचएमबी या जंतुनाशकाच्या ०.०२ टक्के थेंबात औषध असतं एका ग्रॅमचा साधारण लाखावा भाग. आणि हे उपचार कित्येक महिने चालतात.

तेव्हा लेन्स कधीच नळाच्या पाण्यानं धुऊ नका. दिसतं त्यापेक्षा डोळा फार जास्त दुखत असेल, थेंब घालूनही उतार पडत नसेल, तर केमिस्टकडून स्वतःच्या मनानं स्टेरॉइड आणू नका. नेत्रतज्ज्ञांना सरळ विचारा: डॉक्टर, स्क्रेपिंग करायचं का?