साप धुतला, पेटी राहिली: पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांवरील माइट आणि गोचीड

बॉल पायथन हा लाजाळू, दडून राहणारा साप. तो दिवसचे दिवस पाण्याच्या भांड्यात वेटोळे घालून बसू लागला, तर त्याला उकडते आहे एवढाच अर्थ काढून चालत नाही. भांड्याच्या तळाशी खसखशीच्या दाण्याएवढे काळे ठिपके दिसतात का, हे आधी पाहावे. दिसले तर ते बहुधा बुडून मेलेले माइट असतात, आणि साप पाण्यात जाऊन बसलेला असतो तो त्यांच्या चाव्यांपासून सुटका मिळावी म्हणून.

अमेरिकेतील काही मराठी घरांत कुत्र्यामांजरांच्या जोडीला आता बॉल पायथन, कॉर्न स्नेक, लेपर्ड गेको किंवा बियर्डेड ड्रॅगन येऊन बसले आहेत. बहुतेकदा मुलांच्या हट्टापायी. या बाबतीत घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला फारसा उपयोगी पडत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप वा तारा कासव घरी पाळता येत नाही, त्यामुळे असा अनुभव पिढीजात असण्याचे कारण नाही. गाईच्या कानामागची गोचीड आजीने शेकडो वेळा काढलेली असते. अजगराच्या हनुवटीखालचा माइट तिने पाहिलेला नसतो. गोठ्यातले उपाय इथे जसेच्या तसे वापरले, तर माइटच्या आधी प्राणीच दगावण्याची भीती असते.

माइट हा कीटक नव्हे. आठ पायांचा हा जीव गोचिडीच्या आणि कोळ्याच्या कुळातला; मिरचीवर पडणारी ‘कोळी’ कीडही त्याच गणगोतातली. सापांना छळणाऱ्या मुख्य जातीचे शास्त्रीय नाव ओफिओनिसस नॅट्रिसिस. रक्त पिऊन तट्ट फुगलेली मादीही जेमतेम एक मिलिमीटरची असते. डोळ्यांच्या कडा, हनुवटीखालची घडी, गुदद्वाराभोवतीचे खवले या तिच्या आवडत्या जागा. खवल्यांवर पांढरी भुकटी पडल्यासारखी दिसली, तर ती या माइटची विष्ठा असू शकते. शंका असल्यास ओला पांढरा टिश्यू सापाच्या अंगावरून फिरवावा आणि त्यावर आलेला ठिपका चिरडावा. लालसर डाग उमटला, तर तो रक्तावर जगणारा माइट होय. पेटीतल्या लाकडाच्या भुशात फिकट रंगाचे, संथ चालीचे माइट सापडतात, ते सहसा कुजके खाऊन राहतात आणि सापाच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्यासाठी औषध फवारणे म्हणजे विनाकारण विष घालणे.

थोडे माइट असले तर साप नुसता अस्वस्थ होतो. संख्या वाढली की त्याचे खाणे सुटते, कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि लहान पिल्लांत रक्तक्षय होऊन मृत्यूही ओढवतो. माइटच्या चाव्यांतून सापांना घातक ठरणारे एरोमोनास जंतू पसरत असल्याचा संशय पशुवैद्यकाला फार पूर्वीपासून आहे. हे माइट प्रसंगी माणसालाही चावतात. हातावर वा पोटावर खाजरे पुरळ उठते, पण माणसाच्या अंगावर त्यांची वस्ती होत नाही.

उपाय करताना बहुतेक जण चुकतात ते या जीवाचे आयुष्य नीट न समजल्यामुळे. जोसेफ कॅमिन या अमेरिकी संशोधकाने १९५३ साली या माइटच्या जीवनक्रमाचा तपशील प्रसिद्ध केला आणि आजचे उपचारही त्याच पायावर उभे आहेत. अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत पाच अवस्था असतात. त्यांतील फक्त दोन, म्हणजे पहिली अर्भकावस्था आणि प्रौढावस्था, रक्त पितात. उरलेला काळ माइट सापावर नसतोच. रक्त पिऊन झाले की मादी उतरते, काळोखी दमट फट शोधते आणि तिथे अंडी घालते; एका मादीची अंडी साठ ते ऐंशीपर्यंत जातात. पेटीतल्या उबेत ती एक-दोन दिवसांत फुटतात आणि सारे चक्र दोन ते अडीच आठवड्यांत पुरे होते. भर म्हणजे नराशी संयोग न झालेली मादीही अंडी घालते. त्यांतून नर निपजतात आणि पुढची पिढी सुरू होते. चुकून उरलेली एक मादीही पेटी पुन्हा भरून टाकू शकते.

साप स्वच्छ धुऊन त्याच पेटीत परत ठेवणे म्हणूनच व्यर्थ ठरते. रोग पेटीला जडलेला असतो आणि खरे कष्टही तिथेच घ्यावे लागतात. सापाला झाकणाच्या, हवा खेळत्या प्लास्टिकच्या डब्यात हलवावे. तळाशी पांढरे पेपर टॉवेल, पाण्याचे भांडे आणि धुता येईल असा एक आडोसा, एवढेच ठेवावे. पांढऱ्या कागदावर नवा माइट चटकन दिसतो. मूळ पेटीतला भुसा, साल, लाकूड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्याच दिवशी घराबाहेर टाकावे. महागड्या लाकडी ओंडक्याचा मोह इथे नडतो. काचेच्या पेटीत सिलिकॉनच्या सांध्यांच्या फटी, झाकणाची कड, तापमापकाची पाठ या जागा विसरल्या जातात. गरम साबणपाण्याने घासल्यावर त्या फटींवर वाफ सोडल्यास उत्तम. ५५ अंश सेल्सियसच्या पुढे माइट तगत नाहीत. ब्लीच हे जंतुनाशक आहे, माइटसाठी त्यावर विसंबू नये. ही साफसफाई एकदा करून भागत नाही. प्रौढ माइट महिनाभराहून अधिक जगतो आणि उपाशी अर्भकही दोन-तीन आठवडे तग धरते. म्हणून कागद दर दोन-तीन दिवसांनी बदलत, पेटी आठवड्याला एकदा धूत, हा क्रम सहा आठवडे तरी चालवावा लागतो. दहाव्या दिवशी माइट दिसेनासे होतात आणि घरातला उत्साहही तिथेच संपतो, हा नेहमीचा अनुभव आहे.

सापाला कोमट पाण्यात अर्धा तास बसवल्याने पुष्कळ माइट बुडतात. पाणी त्याच्या अंगाच्या उंचीहून थोडे कमी असावे आणि कोणीतरी सोबत बसावे. पण डोक्यावरचे आणि डोळ्यांच्या कडांचे माइट यातून वाचतात. तिथे पशुवैद्याच्या औषधाची गरज पडते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पेट्यांसाठी बनवलेला पर्मेथ्रिनचा फवारा रिकाम्या पेटीत मारतात; तो पूर्ण वाळून वास गेल्यावरच साप आणि पाणी आत ठेवायचे असते. घरात मांजर किंवा माशांची टाकी असेल तर अधिक जपावे, कारण दोघांनाही पर्मेथ्रिन घातक आहे. गेकोला खाऊ घालण्यासाठी आणलेले रातकिडे तर त्याने तत्काळ मरतात. फिप्रोनिल काही पशुवैद्य कापडावर घेऊन सापाच्या अंगावर पुसतात. लहान सरड्यांत त्याची मात्रा सहज जास्त होते, म्हणून ते घरी करू नये. रसायने नको असणारे लोक स्ट्रॅटिओलेलॅप्स जातीचे शिकारी माइट पेटीत सोडतात. कुंड्यांतल्या मातीतील किडींसाठी विकले जाणारे हे माइट सापाच्या माइटना आणि त्यांच्या अंड्यांना खातात. मात्र त्यांच्यासोबत फवारा वापरता येत नाही, तो त्यांनाही मारतो.

सर्वांत मोठा धोका आयव्हरमेक्टिनचा. गुराढोरांचे हे औषध कोविडच्या काळात घरोघरी नावाने माहीत झाले. सापांसाठी पशुवैद्य ते मोजून वापरतात. कासवांना मात्र ते चालत नाही. कासवाच्या मेंदूपर्यंत पोहोचून ते अंग लुळे पाडते, श्वास थांबवते. १९८३ पासून हे पशुवैद्यकाच्या वाङ्मयात नोंदलेले आहे, तरी शेतीमालाच्या दुकानातून बाटली आणून ‘सगळ्यांनाच’ देण्याचे प्रकार थांबलेले नाहीत. घरात साप आणि कासव दोन्ही असतील तर बाटली, टब आणि टॉवेलही वेगळे ठेवावेत.

पूर्वी पेटीवर डायक्लोरव्हॉसची वडी टांगत. ते मज्जासंस्थेवर चालणारे विष आहे. अमेरिकेतील नियमांनुसार अशी मोठी वडी माणसांचा दिवसाला चार तासांहून अधिक वावर असलेल्या जागी लावता येत नाही. मग चोवीस तास त्याच हवेत राहणाऱ्या सापाचे काय, हा प्रश्न उरतोच. तंबाखूचे पाणीही त्याच पंक्तीतले, निकोटीन हे विषच आहे.

गोचिडीचा प्रश्न वेगळा. ती मोठी असते, मोजकी असते आणि बहुधा परदेशी रानातून आलेल्या प्राण्यावर येते. घाना, टोगो, बेनिन या देशांतून आलेल्या बॉल पायथनच्या खवल्यांखाली, आफ्रिकी कासवांच्या काखेत आणि मागच्या पायांच्या बेचक्यात ती सापडते. बारीक चिमट्याने तिला कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावे. काडी पेटवून चटका देणे किंवा व्हॅसलीन फासणे टाळावे. काढलेली गोचीड फेकू नये. ती अल्कोहोलच्या लहान बाटलीत घालून पशुवैद्याकडे द्यावी, आणि हात साबणाने धुवावेत, कारण या प्राण्यांवर साल्मोनेला जंतू असतात.

गोचीड जपून ठेवण्याचे कारण फ्लोरिडात घडले. तिथे झांबियातून आलेल्या बिबट्या कासवांवरील गोचिडींत हार्टवॉटर या रोगाचे जंतू सापडले. हा रोग गाई, मेंढ्या, शेळ्या आणि हरणांना मारतो, आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तो आजवर पसरलेला नाही. मार्च २००० मध्ये अमेरिकी कृषी खात्याने बिबट्या कासव, आफ्रिकी सल्काटा कासव आणि बेल्स हिंजबॅक या तीन जातींच्या आयातीवर बंदी घातली. छंदाच्या बाजारातून आलेल्या एका कासवावरची गोचीड गोठ्यांपर्यंत पोहोचू शकते, ही भीती त्यामागे होती.

भारतात सुट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांना एक हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. चार आठवड्यांसाठी साप मित्राकडे वा दुकानात सोपवला, तर तेवढ्या अवधीत माइटचे एक चक्र पुरे होऊन दुसरे सुरूही होते. परतल्यावर त्याला थेट जुन्या पेटीत न सोडता दुसऱ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर महिनाभर वेगळे ठेवावे. नव्याने विकत घेतलेल्या प्राण्यासाठी हा काळ दोन ते तीन महिन्यांचा धरतात. या दिवसांत आधी घरच्या प्राण्यांचे खाणेपिणे उरकावे, वेगळ्या ठेवलेल्याचे शेवटी, आणि मग हात धुऊन बाह्यांचे कपडे बदलावेत. माइट कापडाला चिकटूनही एका पेटीतून दुसरीत जातात.