सात माणसांची जुनी गाडी : न दिसण्यावर किती विश्वास ठेवायचा?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रमाणांची चर्चा केली. ज्ञान होतं कशानं, आणि झालेलं ज्ञान खरं कशावरून, हा विषय होता. व्याख्यान संपल्यावर जिन्यात एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "सर, हे सगळं छान आहे, पण मला पुढच्या आठवड्यात सेकंड हँड सेव्हन सीटर घ्यायची आहे. तिथे तुमचं न्यायशास्त्र काय कामाचं?" आम्ही हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र वाटलं, टाळायला नको होतं. कारण दोन वर्षांपूर्वी आम्हीही अशीच गाडी शोधत होतो. एका गाडीचं टोकन देण्याच्या अगदी बेतात होतो, आणि त्या गाडीच्या शेवटच्या रांगेत आमची नातवंडं बसणार होती. तेव्हा आज त्या गाडीविषयी बोलू.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. तीन रांगांच्या गाड्या आपल्याकडे सरसकट एसयूव्ही म्हणून विकल्या जातात, पण त्यांच्यात दोन जाती आहेत. एकीत खाली लोखंडी सांगाडा असतो, शिडीसारखा, आणि त्यावर वरची बॉडी बसवलेली असते. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा या अशा. दुसरीत वेगळा सांगाडा नसतोच; पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. याला मोनोकॉक म्हणतात आणि क्रॉसओव्हर म्हणतात त्या बहुतेक गाड्या या जातीच्या. २०११ ची एक्सयूव्ही ५००, नंतरची एक्सयूव्ही ७००, अल्काझार, २०२१ ची नवी सफारी, इनोव्हा हायक्रॉस, सगळ्या यात आल्या. चालवायला हलक्या, कारसारख्या, शहरात सोयीच्या. पण जुनी घेताना एक फरक फार महत्त्वाचा ठरतो. इथे पत्रा म्हणजे नुसतं अंगावरचं कापड नव्हे, ती हाडं आहेत. मागून मार बसून डिकीचा तळ चेपला असेल आणि तो ठोकून, पुट्टी भरून, रंग मारून सरळ केला असेल, तर बाहेरून गाडी नवरीसारखी दिसेल. पुढच्या धक्क्याला ती कशी वागेल, हे मात्र कारखान्यानं योजलेलं राहत नाही.

आता बाजाराकडे येऊ. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा जुन्या मोटारींच्या बाजारावरचा निबंध छापून आला. त्याआधी काही नियतकालिकांनी तो परत केला होता, आणि २००१ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं, इतरांबरोबर विभागून. युक्तिवाद सरळ आहे. विकणाऱ्याला गाडी माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी भाव देतो. चांगली गाडी असलेल्याला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. मग उरलेल्यांची सरासरी आणखी खाली येते, भाव आणखी पडतो. आपल्या घरातलंच बघा ना, चांगली गाडी बहुधा भावाला, मेहुण्याला, नाहीतर शेजाऱ्याला जाते. बाजारात दिसते ती आधी घरच्यांनी नाकारलेली असू शकते. याचा अर्थ बाजारात चांगली गाडी नसतेच असं नाही. बदली होते, माणूस परदेशी जातो, हप्ते झेपत नाहीत. म्हणून पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. "गाडी का विकताय?" हा विचारावा, आणि उत्तर कागदांशी जुळतं का ते पाहावं.

आता आमची गाडी. सहा वर्षांची, डिझेल, मोनोकॉक, मीटरवर ५१ हजार किलोमीटर. विकणारे गृहस्थ निवृत्त, सज्जन, चहा पाजणारे. म्हणाले, "अपघात नाही. शब्द देतो." आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेलं, तरी त्या शब्दानं विरघळलो. शब्द हे प्रमाण आहेच, नैयायिक ते मानतात. पण तो आप्ताचा शब्द हवा. आणि आप्त म्हणजे नुसता प्रामाणिक माणूस नव्हे. त्याला ती गोष्ट स्वतः माहीत असली पाहिजे आणि जशी माहीत आहे तशी सांगायची इच्छाही पाहिजे. दोन्ही अटी एकत्र. आपण व्यवहारात दुसरीच तपासतो, चेहऱ्यावरून, बोलण्यावरून. पहिली तपासायची राहून जाते. हे गृहस्थ दुसरे मालक होते. गाडी त्यांच्याकडे तीन वर्षं होती. आधीच्या तीन वर्षांबद्दल ते जे सांगत होते, ते त्यांनाही कुणीतरी सांगितलेलंच होतं!

त्यांनी विमा पॉलिसी दाखवली. नो क्लेम बोनस ३५ टक्के. आमचा मुलगा म्हणाला, "बाबा, बघा, तीन वर्षांत एकही क्लेम नाही." बरोबर आहे. हा बोनस पहिल्या क्लेमरहित वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० असा चढतो. पण तो मालकाचा असतो, गाडीचा नसतो. माणूस तो जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर घेऊन जातो. म्हणजे त्या ३५ टक्क्यांनी आम्हाला गाडीबद्दल नव्हे, त्या गृहस्थांबद्दल सांगितलं. तेही त्यांनी क्लेम केला नाही एवढंच, मार लागला नाही असं नाही.

अनुमानाकडे येऊ. डोंगरावर धूर, म्हणून अग्नी, हे उदाहरण तुम्ही ऐकून कंटाळला असाल. पण डिझेल गाडीच्या मागे उभं राहिलं की ते उदाहरण जिवंत होतं. इथे नुसता अग्नी नाही, काय जळतंय तेही धूर सांगतो. निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय. काळा असेल तर इंधन पूर्ण जळत नाही. एअर फिल्टर चोंदलेला असेल किंवा इंजेक्टर बिघडलेले असतील. पांढरा आणि न थांबणारा असेल तर कूलंट इंजिनात शिरत असण्याची शंका घ्यावी. मात्र हिवाळ्याच्या सकाळी पहिली दोन मिनिटं दिसतो तो पांढरा धूर नव्हेच, वाफ आहे. वाफेला धूर समजून अग्नीचं अनुमान करणारा माणूस आपल्या जुन्या ग्रंथांतही भेटतो.

याहून फसवा प्रकार उपाधीचा. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, त्याला ओलं सरपण लागतं. ते सरपण ही उपाधी. लोक म्हणतात, "गाडी कमी चाललीय, म्हणजे चांगली." यात ओलं सरपण कुठलं? नियमित चालणं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने झाकून ठेवलेल्या गाडीचे टायर कडक होतात, ब्रेकची डिस्क गंजते, उंदीर वायरी कुरतडतात. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी धरणारा फिल्टर असतो. तो तापून स्वच्छ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. रोज कोथरूड ते डेक्कन एवढीच चाललेली गाडी मीटरला गोंडस दिसते आणि फिल्टर तुंबलेला असतो.

आणि मीटर तरी खरा कशावरून? तो मागे फिरवता येतो. म्हणून वेगवेगळे साक्षीदार एकमेकांसमोर उभे करावेत. सर्व्हिसच्या बिलांवरचे आकडे तारखेनुसार चढत जातात का? ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टीअरिंगचं आवरण, चालकाच्या सीटची उतरायच्या बाजूची कडा किती झिजलीय? टायरच्या कडेला चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दरवाज्यांच्या काचांवर निर्मितीच्या खुणा असतात. एकच काच निराळ्या साली झालेली असेल तर ती कधीतरी फुटली होती. कशानं फुटली, ते विचारावं.

आता आजच्या मुद्द्याकडे. गाडी तपासताना आपण बहुतेक वेळ 'नाही' शोधत असतो. गळती नाही, गंज नाही, दिवा लागलेला नाही. अभावाचं हे ज्ञान कसं होतं, यावर भाट्ट मीमांसक आणि नैयायिक यांचा मोठा वाद आहे. मीमांसक अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानतात, नैयायिक मानत नाहीत. पण एका अटीवर दोघांचं एकमत आहे. वस्तू तिथे असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही.

चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. तो विझलेला दिसला म्हणून आपण खूश होतो. पण आधी लागला होता का? एअरबॅग एकदा उघडून गेल्या असतील आणि नव्या घातल्या नसतील, तर तो दिवा सतत जळत राहतो. आणि ते लपवायला दिवाच काढून टाकणारेही आहेत. न लागलेला दिवा आणि लागून विझलेला दिवा, डोळ्याला शेवटी सारखेच दिसतात. तसंच इंजिनचं. आम्ही गेलो तेव्हा बॉनेटखाली सगळं चकचकीत होतं. आम्हाला बरं वाटलं. आमच्या मेकॅनिकला नाही. ते म्हणाले, "काका, इंजिन काल धुतलंय. गळती दिसणार कशी?" बॉनेटला हात लावला तर गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवलेली. थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज आणि धूर, दोन्ही आम्हाला कळायची सोय राहिली नव्हती. स्कॅनर लावला तर एकही दोष नोंदलेला नाही. पण गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही अपूर्ण दाखवत होत्या. याचा बहुतेकदा अर्थ असा, की मेमरी नुकतीच पुसली गेली आहे किंवा बॅटरी काढली होती. यातलं काहीही 'दोष आहे' असं सिद्ध करत नाही हे लक्षात घ्या. फक्त 'दोष नाही' असं म्हणायचा आमचा अधिकार जातो. आमची हिने तिथेच एक साधा उपाय सुचवला. गाडी आठ दिवस आहे तशी चालू द्या, आम्ही न सांगता सकाळी सातला येतो. गृहस्थ कबूल झाले. ते खरोखरच सज्जन होते.

दुसऱ्या खेपेला इंजिन ठीक निघालं. मग मेकॅनिकनी डिकीतलं कार्पेट उचललं. मागची पाटी आणि तळ यांच्या सांध्यावर सीलंट होतं, पण ते बोटानं फिरवल्यासारखं उंचसखल. कारखान्यातलं एकसारखं असतं. डाव्या बाजूला स्पॉट वेल्डचे छोटे गोल खड्डे ओळीनं होते. उजवीकडे ते अर्ध्यावर संपले. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, इथे आकडा ९०० च्या वर गेला. उजवा मागचा दिवा डाव्यापेक्षा स्वच्छ, नवा. कधीतरी, पहिल्या तीन वर्षांत, त्या गाडीला मागून जोरदार धडक बसली होती.

तीन रांगांच्या गाडीत शेवटची सीट आणि मागचा दरवाजा यांच्यात हातभरही जागा नसते. तिथे मुलंच बसतात, कारण मोठ्यांचे गुडघे मावत नाहीत. गृहस्थांनी कार्पेटखालचं पाहिलं आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझीही नातवंडं तिथेच बसायची." आम्हाला त्यावर काय बोलावं ते सुचलं नाही. आम्ही निघालो.

तिसऱ्या रांगेचं थोडं आणखी. तिथे स्वतः जाऊन बसावं, दहा मिनिटं, एसी चालू ठेवून. मागचा एसी नावालाच असतो कित्येकदा. पट्टे पूर्ण ओढून पाहावेत. परत आत जातात का, आणि शेवटच्या हातभर भागावर मातीचा पट्टा दिसतो का. तो दिसला तर गाडी पाण्यात होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली बुडालं. त्या पाण्यातल्या सगळ्या गाड्या भंगारात गेल्या नाहीत. सीटच्या रुळांचा गंज आणि जादा सुगंधी फवारा, या दोन्ही खुणा समजाव्यात. आणि चाचणी एकट्यानं करू नये. सात माणसं बसवून दिवे घाट चढावा. रिकामी गाडी कुठलीही चढते.

कागदांचं थोडक्यात. वाहन पोर्टलवर मालक कितवा, कर्जाचा बोजा आणि चलनं बघावीत. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५, हस्तांतराला २९ आणि ३०. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. विकणाऱ्यांनीही ऐकावं : २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं, की गाडी प्रत्यक्षात हातोहात कितीही पुढे गेली, तरी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार. तेव्हा "नाव नंतर करू" हे ऐकून घेऊ नका, आणि म्हणूही नका.

आम्ही शेवटी घेतलेली गाडी ९२ हजार किलोमीटर चाललेली होती. डाव्या दरवाज्यावर लांब ओरखडा, तो पहिल्याच मालकानं स्वतः दाखवला, गेटला घासल्याची तारीखही सांगितली. सर्व्हिसची सगळी बिलं एका फायलीत. ओरखडा आम्ही अजून काढलेला नाही. वहिनी मधल्या रांगेत खिडकीशी, नातवंडं मागे, आणि कोकणात जाताना धाकट्याला वरंध घाटात उलटी होते ती होतेच.

आता प्रश्न घेऊ. त्या जिन्यातल्या गृहस्थांनी गाडी घेतली का, ते आधी सांगावं.