न बोललेला शेवटचा शब्द

(लेखांक ६)

या आठवड्यात येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी ‘तहान’ या पाचव्या उद्गारावर लिहायचं कबूल केलं होतं. ते आता पुढच्या वेळी. आष्टी तालुक्यातल्या एका वाचकाचा फोन आला आणि त्यानंतर दुसरं काही सुचेना.

हे गृहस्थ ऊसतोडीला जातात. गेल्या हंगामात नवरा-बायको सांगलीकडे कारखान्यावर होते. इकडे गावात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली आणि चौथ्या दिवशी ते ख्रिस्तवासी झाले. मुलाने विचारलं, “सर, तुम्ही प्रभूच्या शेवटच्या शब्दांवर एवढं लिहिता. माझा बाप तर शेवटी काहीच बोलला नाही. प्रभूचं नावसुद्धा तोंडातून निघालं नाही. मग त्याचं काय झालं असेल?”

हा प्रश्न कुठून येतो ते आपल्याकडे कुणालाही कळेल. अंतकाळी जसं मन तशी गती, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. मुलाला ‘नारायण’ अशी हाक मारली आणि तरून गेला, ही अजामिळाची गोष्ट आपण कीर्तनात ऐकत मोठे झालो. तोंडात तुळशीपत्र, कानाशी रामनाम. उपासना बदलली तरी अंतकाळाची ही धास्ती घरातून सहजी जात नाही. त्यात दुसरा उद्गार आहेच. गुन्हेगार म्हणून खिळलेला चोर मरता मरता एक वाक्य बोलतो आणि त्याच दिवशीच्या सुखलोकाचं वचन मिळवतो. ते ऐकलं की वाटणारच, सगळं काही शेवटच्या वाक्यावर आहे.

पण चोराने मंत्र म्हटला नव्हता. शेजारी खिळलेल्या माणसाला तो ‘माझी आठवण ठेव’ एवढंच सांगत होता. त्याला तारलं ते त्या आठवण ठेवणाऱ्याने.

आणि येशूचा स्वतःचा शेवटचा शब्द कोणता? इथे चारही शुभवर्तमानं शेजारी ठेवून सावकाश वाचावीत. योहान एका ग्रीक शब्दावर थांबतो, ‘तेतेलेस्ताई’. काम पुरं झालं, असा त्याचा अर्थ. लूक स्तोत्रसंहितेच्या ३१व्या स्तोत्रातलं पाचवं वचन देतो, आत्मा देवाच्या हाती सोपवण्याचं. हे वचन ज्यू घरांत आजही रात्री निजताना म्हणतात. येशूने त्याच्याआधी एकच शब्द जोडला, ‘बापा’. तो मूळ स्तोत्रात नाही.

मत्तय आणि मार्क मात्र २२व्या स्तोत्रातला ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा आर्त प्रश्न देतात. त्यानंतर येशू पुन्हा मोठ्याने ओरडला आणि त्याने प्राण सोडला, असं लिहितात. त्या ओरडण्यात शब्द कोणते होते, हे दोघेही सांगत नाहीत. मार्कच्या १५व्या अध्यायात समोर उभा असलेला रोमी शताधिपती हे मरण पाहतो आणि हा देवाचा पुत्र होता अशी कबुली देतो. मी हा अध्याय कितीतरी वर्षं उत्तम शुक्रवारी ऐकत आलो. पण त्या ओरडण्याशी मी खरा थांबलो तो या फोननंतर. ज्याची वाचा गेली त्याच्या कण्हण्यालाही इथे जागा आहे. पौलही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात हेच सांगतो: आपल्याला शब्द सापडत नाहीत तेव्हा आत्मा आपल्यासाठी कण्हत विनंती करतो.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं मरणही इथे आठवतं. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत गेले. दहन करावं ही त्यांची इच्छा होती, त्याप्रमाणे झालं. नगरला त्यांच्या समाधीवर त्यांच्याच पदातली ओळ कोरलेली आहे, आणि ती आहे प्रभूपुढे अजून किती उणा आहे याच्या कबुलीची. एवढ्या मोठ्या कवीच्या दगडावर एकही मोठेपणाचा शब्द नाही. आष्टीहून आता रेल्वेने नगरला जाता येतं. त्या वाचकाला मी सांगितलं, एकदा जाऊन या.

मग मी विचारलं, त्या चार दिवसांत घरात काय चाललं होतं? बहीण उशाशी बसून ‘उपासना संगीत’मधली गाणी म्हणत होती. शेवटच्या रात्री तिने फोन वडिलांच्या कानाला लावून धरला. हा तिकडे फडात, शेजारी उसाची ट्रॉली भरणं चाललेलं. काय बोलावं सुचेना, म्हणून त्याने प्रभूची प्रार्थना म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोनदा. बहिणीने नंतर सांगितलं, श्वास तेवढा ऐकू येत होता.

“ही प्रार्थना तुम्हाला शिकवली कुणी?”

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाला, “बापानंच. कोपीत, पाचटावर निजताना.”

‘तहान’ पुढच्या आठवड्यात.