मार्केटिंगमध्ये पहिली नोकरी हवीये? आधी गल्लीतलं एक दुकान हातात घ्या



बीबीए किंवा बीकॉम झालंय, मार्केटिंगमध्ये जायचंय, पण प्रत्येक जाहिरातीत लिहिलेलं असतं, "एक वर्षाचा अनुभव हवा." अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. घरचे विचारतात, "पुढे काय?" मी स्वतः दुकान चालवतो, कामाला माणसंही घेतो. म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो, आम्ही नेमकं काय बघतो.

आधी काम कोणतं ते ओळखा

"मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह" या एकाच नावाखाली बरीच वेगळी कामं खपतात. एक म्हणजे फील्ड सेल्स: गाडीवर फिरायचं, ऑर्डर आणायची, टार्गेट गाठायचं. दुसरं डिजिटल: पोस्ट, जाहिराती, रिपोर्ट. फील्ड सेल्स अजिबात कमीपणाचं नाही. हिंदुस्तान युनिलिव्हरसारखी कंपनीसुद्धा आपल्या मॅनेजमेंट ट्रेनींना सेल्सच्या कामाला पाठवते, कारण ग्राहक "नको" का म्हणतो हे तिथेच कळतं.

पण मुलाखतीत सरळ विचारा: फिक्स पगार किती? इन्सेंटिव्ह कशावर? पेट्रोल कोण देणार? आणि कुणी रजिस्ट्रेशन फी, डिपॉझिट किंवा "किट"चे पैसे मागितले, तर तिथून उठा. नोकरीत पगार घ्यायचा असतो, पैसे भरायचे नसतात.

३० दिवसांचा अनुभव असा मिळवा

हजारो रुपयांचा कोर्स लावण्याआधी ओळखीच्या एखाद्या दुकानदाराकडे जा. किराणा, बेकरी, टेलर, कुणीही चालेल. म्हणा, "दादा, महिनाभर तुमचं ऑनलाइन काम बघतो. पैसे नकोत, फक्त आकडे मला दाखवायची परवानगी द्या."

१. गूगल बिझनेस प्रोफाइल: हे फुकट आहे. वेळ, फोन नंबर, सुट्टीचा दिवस बरोबर करा, स्वतः काढलेले फोटो टाका. पासवर्ड मागू नका, मॅनेजर म्हणून ॲक्सेस घ्या. किती जणांनी फोन केला, किती जणांनी रस्ता विचारला, हे तिथे दिसतं. सूट देऊन रिव्ह्यू घेऊ नका, ते गूगलच्या नियमात बसत नाही.

२. व्हॉट्सॲप बिझनेस: कॅटलॉग भरा, ग्राहकांना लेबल लावा. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून आधी काउंटरवर नंबर सेव्ह करून घ्यायची सवय लावा. आणि हे नंबर दुकानाचे आहेत, आपल्या मोबाइलमध्ये घेऊन जायचे नाहीत.

३. वही: पहिल्या दिवसाचे आणि ३०व्या दिवसाचे आकडे समोरासमोर लिहा. हे विसरलात तर बाकी सगळी मेहनत दाखवताच येणार नाही.

आकड्यांशी बोलायला शिका

समजा दुकानदाराने जाहिरातीला १,५०० रुपये दिले. ३० जणांनी चौकशी केली, म्हणजे एका चौकशीला ५० रुपये. त्यातल्या ६ जणांनी खरेदी केली, म्हणजे एक ग्राहक २५० रुपयांना पडला. पहिल्या बिलात नफा २०० रुपये असेल, तर दर ग्राहकामागे ५० रुपये तोटा! पण तोच ग्राहक पुढच्या महिन्यात परत आला, तर गणित फिरतं. मग त्याला परत कसं आणायचं? हा प्रश्न तुम्हाला पडला, की समजा तुमचं मार्केटिंग सुरू झालं.

गूगलच्या स्किलशॉपवर जाहिरातींचं सर्टिफिकेट फुकट मिळतं. जरूर करा. पण ते एक वर्षच चालतं, आणि तुमच्यासारखंच ते इतरांकडेही असतं. वहीतलं ते पान मात्र फक्त तुमच्याकडे असेल.

मुलाखतीत काय सांगाल?

"मी सोशल मीडिया हँडल केलं," असं म्हणू नका. "महिन्याला इतके फोन यायचे, आता इतके येतात, मी हे तीन बदल केले," असं सांगा. आकडा वाढला नसेल, तर फुगवू नका. का वाढला नाही आणि पुढच्या वेळी काय वेगळं कराल, तेवढं सांगा. फुगवलेला आकडा दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो. खरं कारण सांगणारं पोरगं मात्र मालकाच्या लक्षात राहतं.

तर आज संध्याकाळी घराजवळच्या तीन दुकानांची नावं गूगलवर शोधा. ज्याची वेळ चुकीची दिसतेय किंवा फोटोच नाही, तिथे उद्या सकाळी जा. गर्दीची वेळ तेवढी टाळा!