साइज बरोबर, तरी कुर्ता सीटवर का अडकतो? बांध्यानुसार कपडे निवडण्याचं गणित समजून घ्या

डिजिटल डेस्क, बुलढाणा : मोबाइलवर कुर्ता आवडला, साइज 'एम' निवडली, पार्सल घरी आलं. घालून पाहिला तर छातीत बरोबर, पण सीटवर ताणलेला आणि खांद्यावर ओघळलेला. मग 'आपलंच वजन वाढलंय' असं म्हणत कुर्ता कपाटात जातो किंवा परत पाठवला जातो. खामगाव असो, मलकापूर असो की मेहकर, हा अनुभव बहुतेक घरांत आहे. पण यात चूक खरंच शरीराची असते का? आणि आपल्या बांध्याला शोभेल असा कपडा निवडायचा कसा?

थोडक्यात

- भारतीय शरीरांच्या मोजमापावर आधारित साइज चार्टसाठी सर्वेक्षणाची घोषणाच मुळात 2018 मध्ये झाली.
- छाती, कंबर आणि सीट ही तीन मापं घेतली की बांधा ओळखता येतो.
- कपडा कसा दिसतो याइतकंच तो कुठे आवळतो हेही महत्त्वाचं. विदर्भातल्या डॉक्टरांनी यावर इशारा दिला आहे.

एम, एल, एक्सएल ठरवतं कोण?

तयार कपड्यांची मापं शास्त्रीय पद्धतीने ठरवण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. तिथल्या कृषी विभागाने 1939-40 मध्ये सुमारे 15 हजार महिलांची मापं घेतली आणि 1941 मध्ये अहवाल काढला. त्यातून श्वेतवर्णीय नसलेल्या महिलांची मापं वगळण्यात आली होती. पुढे 1958 मध्ये तिथे साइजचं अधिकृत मानक आलं आणि 1983 मध्ये ते मागेही घेतलं गेलं. त्यानंतर प्रत्येक ब्रँडने आपापला चार्ट वापरला. म्हणूनच एका कंपनीचा 'एम' दुसऱ्या कंपनीच्या 'एल'एवढा निघतो.

भारतात तर स्वतःचा चार्टच नव्हता. परदेशी चार्टमध्ये थोडेफार बदल करून काम चालायचं. हे बदलण्यासाठी केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था म्हणजे 'निफ्ट' यांनी 2018 मध्ये राष्ट्रीय साइज सर्वेक्षण जाहीर केलं. 15 ते 65 वयोगटातल्या 25 हजार स्त्री-पुरुषांची थ्रीडी स्कॅनरने मापं घेण्याची ही योजना. त्यासाठी मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू आणि शिलाँग ही सहा शहरं निवडली गेली. विदर्भातलं एकही शहर या यादीत नाही. त्यामुळे शेतात राबणाऱ्या, दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या इथल्या बाईच्या बांध्याला मुंबई-हैदराबादची मापं किती जुळतील, हा प्रश्न उरतोच. तोवर कुर्ता बसला नाही तर दोष चार्टला द्यायचा, स्वतःला नाही.

तीन मापं घ्या, बांधा ओळखा

टेलरची टेप घ्या. पातळ कपड्यावरून छातीचा सर्वांत भरीव भाग, कंबरेचा सर्वांत बारीक भाग आणि सीटचा सर्वांत रुंद भाग मोजा. टेप सरळ ठेवा, ओढून आवळू नका. श्वास रोखू नका. तिन्ही आकडे इंचात लिहून ठेवा. आता फरक काढा :

- सीट छातीपेक्षा साडेतीन इंचांहून जास्त : खाली रुंद बांधा, म्हणजे 'पेअर शेप'. उदा. 34-29-39.
- छाती सीटपेक्षा साडेतीन इंचांहून जास्त : वर रुंद बांधा, म्हणजे उलटा त्रिकोण. उदा. 40-34-36.
- छाती आणि सीट जवळपास सारखी, कंबर 9-10 इंचांनी कमी : डमरूसारखा बांधा. उदा. 36-26-36.
- छाती आणि सीट जवळपास सारखी, कंबरेतला फरक त्याहून कमी : सरळ बांधा. उदा. 36-32-38.
- पोटाचा घेर छाती आणि सीटइतका किंवा जास्त : गोल बांधा, म्हणजे 'अॅपल शेप'. उदा. 38-40-39.

सिनेमा आणि जाहिरातींत दिसणारा डमरूसारखा बांधा हाच 'नॉर्मल' असं अनेकींना वाटतं. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीने 2005 मध्ये सहा हजारांहून अधिक महिलांच्या मापांचा अभ्यास केला, तेव्हा फक्त 8 टक्के महिला या गटात बसल्या. 46 टक्के महिलांचा बांधा सरळ होता.

कोणत्या बांध्याला काय शोभतं?

पेअर शेप : ए-लाइन किंवा कळीदार कुर्ता सीटवर अडकत नाही. सरळ कुर्ता हवा असेल तर बाजूचा कट थोडा वरून सुरू होणारा घ्या. गळ्याजवळ भरतकाम किंवा उठावदार रंग असला की नजर वर जाते. सीटच्या सर्वांत रुंद भागावर संपणारा आखूड टॉप टाळा.

उलटा त्रिकोण : फुगा बाही आणि खांद्यावरची झालर खांदे आणखी रुंद दाखवते. साधी बाही आणि व्ही गळा बरा दिसतो. खाली पलाझो, पटियाला किंवा घेरदार स्कर्ट घेतला की तोल साधतो.

सरळ बांधा : कंबरेला आकार द्यायचा असेल तर अंगरखा पद्धतीचा कुर्ता, मागे बांधायच्या नाड्या किंवा प्रिन्सेस कट उपयोगी. आकार द्यायचा नसेल तर सरळ कुर्ता याच बांध्यावर सर्वांत सहज बसतो.

गोल बांधा : छातीखालून मोकळा सुटणारा कुर्ता आणि अंगाला न चिकटणारं कापड घ्या. पोटावर इलॅस्टिक किंवा बेल्ट नको. खूप ढगळ कपड्यात अंग लपत नाही, उलट तंबूसारखं दिसतं. खांद्यात नीट बसणारा कपडा घेतला की अर्धं काम होतं.

डमरू : कंबरेत बसणारा कोणताही कट चालतो. मात्र तयार कपडे कंबरेत सैल पडतात. तिथे टक्स घालून घ्या.

साडीतही कापडाचा फरक पडतो. कडक खळीची सुती साडी फुगते, जॉर्जेट किंवा शिफॉन अंगासरशी पडते. मात्र मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्यावर वऱ्हाडात सुतीला पर्याय नाही. अशा वेळी दोन-तीनदा धुतलेली मऊ सुती साडी हा मधला मार्ग. नऊवारीची तर गोष्टच वेगळी. सुमारे सव्वाआठ मीटर लांबीच्या या वस्त्राला साइजच नाही. दरवर्षी 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी सिंदखेडराजात येणाऱ्या महिलांमध्ये ती दिसते, आणि प्रत्येकीच्या अंगावर तिच्या मापानेच बसते.

आडवे पट्टे घातले की जाड दिसतं?

हे सरसकट खरं नाही. हर्मन फॉन हेल्महोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1867 मध्येच दाखवलं होतं की सारख्या आकाराच्या दोन चौकोनांपैकी आडव्या रेषांचा चौकोन उंच आणि अरुंद भासतो. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाचे पीटर थॉम्पसन यांनी हेच महिलांच्या चित्रांवर तपासलं, तेव्हा आडव्या पट्ट्यांमुळे जाडी वाढल्याचं दिसलं नाही. त्यामुळे आवडता आडव्या पट्ट्यांचा कुर्ता खुशाल घाला.

ऑनलाइन ऑर्डर करण्यापूर्वी

- चार्टमध्ये दिलेलं माप अंगाचं आहे की कपड्याचं, हे आधी पाहा. कुर्ता अंगापेक्षा दोन ते चार इंच लूज असावा लागतो. अंगाची छाती 36 असेल तर कपड्याचं माप 38 ते 40 हवं.
- फक्त छातीवरून साइज ठरवू नका. सीट जास्त असेल तर सीटच्या मापाने घ्या. सैल कपडा आत घेता येतो, तंग कपडा वाढवता येतोच असं नाही.
- शोल्डर दुरुस्त करणं सर्वांत अवघड. ते माप जुळत नसेल तर तो कपडा सोडा.
- उत्तम बसणारा जुना कुर्ता जमिनीवर पसरून मोजा आणि तेच आकडे चार्टशी जुळवा.

टेलरला काय सांगायचं?

ब्लाउज शिवताना जुना ब्लाउज मापाला देण्याची पद्धत आहे. पण बाळंतपणानंतर, वजन बदलल्यावर किंवा चाळिशीनंतर माप नव्याने घ्यायला लावा. मुंडा तंग असेल तर हात वर करताना ब्लाउज वर सरकतो. छाती भरीव असेल तर साध्या टक्सपेक्षा कटोरी किंवा प्रिन्सेस कट नीट बसतो. शिवणीत इंचभर माया ठेवायला सांगा. पुढे उसवून वाढवता येते.

परकराची नाडी : विदर्भातला इशारा

कपड्याचं माप चुकलं तर फक्त दिसण्याचंच नुकसान होतं असं नाही. वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी 2024 मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात दोन महिलांची प्रकरणं मांडली. दोघींनाही कंबरेवर न भरणारी जखम होती आणि तपासणीत त्वचेचा कर्करोग निघाला. एक परकराची नाडी घट्ट आवळत असे, तर दुसरी परकराशिवाय लुगडं कंबरेला घट्ट गुंडाळत असे. वर्षानुवर्षं एकाच जागी दाब आणि घासणं यामुळे तिथली त्वचा खराब होत गेली.

असं होणं अतिशय दुर्मीळ आहे, घाबरण्याचं कारण नाही. पण कंबरेवर काळा पट्टा, खाज किंवा सोलवटलेली त्वचा अनेकींना असते आणि ती 'असतंच ते' म्हणून सोडून दिली जाते. नाडी थोडी सैल बांधा, बारीक नाडीऐवजी रुंद पट्टा वापरा, गाठीची जागा बदलत राहा, घरी असताना मोकळा कपडा घाला. तीन-चार आठवड्यांत जखम भरली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

कपडा घेताना शेवटची तपासणी सोपी आहे. तो घालून खाली बसा, हात वर करा, दहा पावलं चाला. कुठेही ओढावा किंवा सावरावा लागला नाही, तर तो तुमच्या मापाचा आहे. लेबलवर मग काहीही लिहिलेलं असो.